हरवलेले मूल घरी कसे येते?

दूरचित्रवाणीवरील गुन्हेशोधाच्या मालिकांत एक कथानक वारंवार येते, आणि ज्या रात्री ते येते त्या रात्री घरातील माणसे हातातले काम बाजूला ठेवून पडद्यासमोर बसतात. शाळेच्या फाटकाबाहेर एक मोटार येऊन थांबते. कोणी अनोळखी इसम मुलाला खाऊ दाखवतो आणि पाहता पाहता मूल दिसेनासे होते. आई हंबरडा फोडते, खंडणीसाठी दूरध्वनी येतो, एखादा चाणाक्ष अधिकारी क्षुल्लकशा खुणेवरून ओसाड गुदामाचा माग काढतो, आणि जाहिरातींचा वेळ वगळला तर पाऊण तासाच्या आत मूल आईच्या कुशीत परत येते. १९९८ साली सुरू झालेल्या ‘सी. आय. डी.’ मालिकेने अशा गोष्टी घरोघर पोहोचवल्या, आणि तिच्यातील शिवाजी साटमांचा पोलीस अधिकारी मराठी घरांत जणू नात्यातलाच होऊन बसला.

करमणूक म्हणून यात वावगे काही नाही. परंतु असे कथानक प्रेक्षकाला नकळत दोन गोष्टी शिकवून जाते. मूल पळवणारा हा नेहमी परका असतो, ही पहिली. मूल परत येते ते कोणाच्या तरी धडाडीमुळे, धावपळीमुळे आणि हाणामारीमुळे, ही दुसरी. या दोन समजुती घेऊन माणसे पडद्यासमोरून उठतात आणि रस्त्यावर येतात. रस्त्यावर आल्यावर काय घडू शकते, हे २०१८ साली बंगळुरू शहराने पाहिले.

त्याची सुरुवात एका लहानशा चित्रफितीने झाली. ही चित्रफीत मुळात भारतातील नव्हती. पाकिस्तानातील कराची शहरात हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने ती लोकजागृतीसाठी करवून घेतली होती. गल्लीत काही मुले क्रिकेट खेळत आहेत. मोटारसायकलीवरून दोघे जण येतात, एका मुलाला उचलतात आणि भरधाव निघून जातात. काही क्षणांतच ती मोटारसायकल परत फिरते, मुलाला जागच्या जागी सुखरूप उतरवले जाते, आणि मूल पळवायला किती थोडा वेळ पुरतो, याकडे पालकांचे लक्ष वेधणारा फलक दाखवला जातो. म्हणजे हेही नाट्यच होते, आणि त्याचा शेवट मूल परत येण्याचाच होता.

कोणीतरी तो शेवट कापून टाकला. उरलेला तुकडा पाहणाऱ्याला नाटक वाटेना. रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने टिपलेला तो खराखुरा प्रसंग वाटू लागला. मूल उचलले जाते आणि पुढे काहीच होत नाही. हा तुकडा व्हॉट्सॲपवरून दक्षिण भारतात हातोहाती फिरला. त्याच्याबरोबर निरनिराळ्या भाषांतील संदेश जोडले गेले. मुले पळवणाऱ्यांच्या टोळ्या शेकड्यांनी शहरात उतरल्या आहेत, आपापल्या मुलांना सांभाळा, हा संदेश दहा जणांना पाठवा. संदेशाखाली पाठवणाऱ्याचे नाव नव्हते, तारीख नव्हती, पोलीस ठाण्याचा उल्लेख नव्हता. तथापि तो येत होता मेहुण्याकडून, शेजारणीकडून, शाळेतल्या पालकांच्या गटातून. आणि ओळखीच्या माणसाकडून आलेली गोष्ट खोटी कशी म्हणावी?

२३ मे २०१८ रोजी बंगळुरूच्या जुन्या वस्तीत, चामराजपेट भागात, राजस्थानातून कामाच्या शोधात आलेला एक तरुण जमावाच्या हाती सापडला. तो त्या गल्लीत अनोळखी होता, एवढाच त्याचा अपराध. त्याला दोराने बांधून क्रिकेटच्या बॅटींनी मारण्यात आले आणि रस्त्याने फरफटत नेण्यात आले. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच त्याचा अंत झाला. ज्या मुलाला त्याने पळवले असे लोकांना वाटले, ते मूल कधी अस्तित्वातच नव्हते.

हे वेड एका शहरापुरते राहिले नाही. त्याच वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी त्या गावी उतरले होते. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त पुरले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्या पाचही जणांना ठार मारण्यात आले. पुढे १३ जुलै रोजी कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यात, जेथे मराठी बोलणारा मोठा समाज राहतो त्या औराद तालुक्यातील मुर्की गावी, हैदराबादहून आलेल्या मित्रांच्या एका टोळक्यावर जमाव तुटून पडला. वाटेत त्यांनी शाळकरी मुलांना चॉकलेटे वाटली होती. ते मोटारीने निघाले, पण त्यांच्यापेक्षा वेगाने त्यांच्याविषयीचा संदेश पुढच्या गावी जाऊन पोहोचला होता. एक तरुण मारला गेला आणि तिघे जखमी झाले.

राईनपाड्याची घटना महाराष्ट्राने विशेष विचारात घ्यावी अशी आहे. डौर वाजवीत दारी येणारा गोसावी मराठी खेड्याला परका नव्हता. पिढ्यान्पिढ्या त्याच्या झोळीत पसाभर धान्य पडत आले. पण त्याच मराठी घरांत, न जेवणाऱ्या मुलाला ‘बुवा झोळीत घालून नेईल’ असा धाकही पिढ्यान्पिढ्या दाखवला गेला. झोळीची ती भीती मनाच्या तळाशी पडून होती. यंत्राने तिला पंख दिले. भिक्षेकरी, मजूर, वाट चुकलेला प्रवासी, ज्याला स्थानिक भाषा नीट बोलता येत नाही असा कोणीही, हे सारे या भीतीचे धनी झाले.

शासन आणि न्यायालये यांनी यानंतर जी पावले उचलली तीही सांगितली पाहिजेत. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडीच्या हिंसेविषयी निर्णय देऊन प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून कमी नाही अशा दर्जाचा एक जबाबदार अधिकारी नेमण्यास सांगितले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण दाखवण्यास प्रारंभ केला. परंतु यंत्राला घातलेला लगाम मनाला पुरत नाही. मनाची समजूत बदलायची तर मुले खरोखर कशी हरवतात आणि खरोखर कशी परत येतात, हे जाणून घेतले पाहिजे.

मुले हरवतात हे खोटे नाही, आणि त्यांची संख्या थोडीही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ८३,३५० मुले हरवल्याची नोंद झाली. त्यांपैकी ६२,९४६ मुली होत्या. याचा अर्थ, हरवणाऱ्या दर चार मुलांमागे तीन मुली असतात. त्याच वर्षी, आधीच्या वर्षांतील नोंदींसह, ८०,५६१ मुलांचा शोध लागला. हे आकडे अफवेतल्या चित्राशी जुळत नाहीत. अफवेत गल्लीत खेळणारा लहानगा मुलगा असतो आणि मोटारसायकलीवरचा राक्षस असतो. नोंदवहीत मात्र कामाचे आमिष दाखवून परगावी नेलेली मुलगी असते, लग्नाच्या वचनाने घर सोडलेली असते, मार चुकवण्यासाठी आगगाडीत चढलेला मुलगा असतो, परीक्षेत नापास झाल्याने घरी तोंड दाखवू न शकणारा असतो, आणि आईबापांच्या भांडणात एकाने दुसऱ्यापासून तोडून नेलेले पोरही असते.

कायद्याची भाषाही या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. पालकाच्या संमतीवाचून अल्पवयीन मुलाला नेणे किंवा फूस लावून नेणे, एवढ्याने गुन्हा पूर्ण होतो. त्यासाठी बळजबरी लागत नाही, दोर लागत नाही, मुलाची संमती असली तरी तिला किंमत नसते. जुन्या भारतीय दंड संहितेत यासाठी मुलाचे वय सोळा आणि मुलीचे अठरा असा भेद होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने तो काढून टाकला. आता दोघांनाही अठरा वर्षांपर्यंत हे संरक्षण आहे. मूल ओरडले नाही, रडले नाही, हसत हसत सोबत गेले, म्हणून ते पळवलेले नाही, असे कायदा मानत नाही.

मुले पळवणाऱ्या टोळ्या मुळी नसतातच, असेही कोणी म्हणू नये. १९९० ते १९९६ या काळात कोल्हापूर, पुणे, नाशिक या भागांत लहान मुले नाहीशी होत होती. या प्रकरणी एक स्त्री आणि तिच्या दोन मुली १९९६ साली पकडल्या गेल्या. तेरा बालकांच्या अपहरणाचा आरोप त्यांच्यावर आला. आई खटला उभा राहण्यापूर्वीच मरण पावली. २००१ साली कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशीची शिक्षा दिली, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि दयेच्या अर्जाला लागलेल्या दीर्घ विलंबामुळे २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. पण या भयंकर प्रकरणातून जो बोध घ्यायचा तो वेगळाच आहे. गर्दीत कोणाला संशयही येऊ नये असे त्यांचे रूप होते, कारण लेकुरवाळ्या बायकांकडे कोण संशयाने पाहणार? पळवलेल्यांत एक बालिका तर नात्यातलीच होती. आणि प्रकरण उघडकीला आले ते जमावाच्या हातून नव्हे, तर तक्रारीवरून झालेल्या पोलीस तपासातून.

तक्रार आणि तपास हे दोन शब्द नाट्यात नीरस वाटतात. पण हरवलेल्या मुलाचे सारे भवितव्य त्यांत असते. पूर्वी आईबाप ठाण्यावर गेले की बहुधा ‘मूल हरवले’ अशी साधी नोंद होई, आणि ‘चार दिवस वाट पाहा, येईल’ असे सांगून त्यांना परत पाठवले जाई. नुसत्या नोंदीने कोणावर काही बंधन पडत नसे. दिल्लीशेजारच्या निठारी गावातून मुले नाहीशी होत असताना गरीब आईबापांच्या तक्रारींकडे वेळीच लक्ष दिले गेले नाही, ही गोष्ट २००६ च्या अखेरीस साऱ्या देशाला कळली. त्यानंतर १० मे २०१३ रोजी, ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, अठरा वर्षांखालील मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा दाखल झालाच पाहिजे, आणि उलट सिद्ध होईपर्यंत ते मूल पळवले गेले आहे असेच गृहीत धरले पाहिजे.

या एका गृहीताने फार मोठा फरक पडला. गुन्हा दाखल झाला की तपासी अधिकारी नेमला जातो, रोजचा तपास कागदावर यावा लागतो, आणि न्यायालयाला अहवाल दिल्यावाचून प्रकरण मिटवता येत नाही. नियमांप्रमाणे चार महिन्यांत मूल सापडले नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे द्यावा लागतो. थोडक्यात, माणसे बदलली, बदल्या झाल्या, वर्षे उलटली, तरी त्या मुलाची आठवण ठेवणारा एक कागद कचेरीत जिवंत राहतो.

तो कागद आणि ती आठवण काय करू शकतात, याचे उदाहरण मुंबईतच घडले. २२ जानेवारी २०१३ रोजी अंधेरी पश्चिम येथून सात वर्षांची एक शाळकरी मुलगी नाहीशी झाली. अशा मुलांचे नाव उघड करण्यास कायद्याची मनाई आहे, म्हणून ते येथे नको. डी. एन. नगर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. त्या ठाण्यातील सहायक फौजदार राजेंद्र धोंडू भोसले यांच्याकडे २००८ ते २०१५ या काळात हरवलेल्या १६६ मुलींची प्रकरणे आली होती. त्यांपैकी १६५ मुलींचा त्यांनी शोध लावला. राहिली ती ही एक. २०१५ साली ते सेवानिवृत्त झाले. पण त्या मुलीचे छायाचित्र त्यांनी जवळ बाळगले आणि विचारपूस चालूच ठेवली.

ती सापडली ४ ऑगस्ट २०२२ रोजी, साडेनऊ वर्षांनी, आणि कोठे? स्वतःच्या घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत. पोलिसांनी सांगितलेली हकीगत अशी की, अपत्य नसलेल्या एका दांपत्याने तिला नेले होते. शोधाचा गवगवा झाला तेव्हा तिला कर्नाटकात रायचूर येथे वसतिगृहात ठेवण्यात आले. पुढे त्यांना स्वतःचे मूल झाले, तेव्हा तिला परत आणून ते मूल सांभाळण्याच्या आणि घरकामाच्या कामी लावण्यात आले. कालांतराने हे कुटुंब अंधेरीतच राहायला आले. लहानपणीचा चेहरा बदलला होता, कोण ओळखणार?

तिची सुटका कोणा शूराने दार फोडून केली नाही. ती जेथे कामाला जात होती, तेथे काम करणाऱ्या एका बाईला तिने आपली कहाणी सांगितली आणि त्या बाईने ती मनावर घेतली. आंतरजालावर शोध घेता नऊ वर्षांपूर्वीचे ‘हरवली आहे’ असे पत्रक सापडले. त्यावर पाच दूरध्वनी क्रमांक होते. चार बंद झाले होते. पाचवा लागला, तो जुन्या शेजाऱ्याचा होता. त्या शेजाऱ्याने तिला पाहिले, ओळखले, आईला कळवले, आणि पोलीस ठाण्यात नऊ वर्षे उघडा राहिलेला कागद पुन्हा हाती घेण्यात आला.

या हकिगतीशेजारी २०१८ च्या हकिगती ठेवून पाहिल्या म्हणजे मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. जमावाने परक्यांना मारले; त्यातून एकही हरवलेले मूल घरी आले नाही. अंधेरीची मुलगी ज्यांच्या घरी होती ते परके दिसत नव्हते. ते शेजारी होते, जाणारे-येणारे होते, आणि एक मुलगी शाळेच्या वेळी कोणाचे तरी मूल कडेवर घेऊन हिंडते आहे, हे पाहणारे डोळेही आसपास असतीलच. आपण गल्लीच्या तोंडाशी आलेल्या अनोळखी माणसाकडे टक लावून पाहतो, आणि शेजारच्या घरात धुणीभांडी करणाऱ्या पोरीला ‘बाळ, तुझे गाव कोणते, आई कोठे असते?’ असे एकदाही विचारत नाही.

बंगळुरूसारख्या शहरात हा प्रश्न दररोज उभा राहतो. क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांचे नाव असलेल्या तेथील मुख्य रेल्वे स्थानकावर चारी दिशांच्या गाड्या येतात. त्यांतून घर सोडलेली मुलेही उतरतात. रस्त्यावरच्या मुलांसाठी १९८० पासून त्या शहरात काम करणाऱ्या ‘बोस्को’ या संस्थेसारख्या संस्थांचे कार्यकर्ते आणि रेल्वे सुरक्षा दलाची माणसे अशा मुलांकडे लक्ष ठेवतात. एकट्या मुलासाठी फलाटावरचे पहिले काही तास फार मोलाचे असतात, कारण मदत करणाऱ्याप्रमाणेच फसवणाराही तेथेच उभा असतो. मुलाजवळ आधी कोण पोहोचतो, यावर पुष्कळ काही ठरते.

म्हणून सामान्य प्रवाशाने, दुकानदाराने, गृहिणीने काय करावे हे माहीत असले पाहिजे. एकटे, भेदरलेले मूल दिसले तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. ही सेवा १९९६ साली मुंबईत प्रयोग म्हणून सुरू झाली आणि आता देशभर आहे. आगगाडीत किंवा स्थानकात असल्यास १३९, आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे, हरवलेले मूल ज्याच्या हाती येईल त्याने प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत पोलीस, बालकल्याण समिती किंवा मदत सेवेला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चांगल्या हेतूने मूल परस्पर घरी ठेवून घेणे हेही कायद्याला मान्य नाही, आणि त्यामागचे कारण अंधेरीच्या प्रकरणाने पुरेसे स्पष्ट केले आहे.

दूरध्वनीवर संदेश येईल तेव्हा त्याची परीक्षाही करता येते. खऱ्या सूचनेत तारीख असते, पोलीस ठाण्याचे नाव असते, गुन्ह्याचा क्रमांक असतो आणि लावून पाहता येईल असा दूरध्वनी असतो. ज्या संदेशात यांपैकी काहीच नाही, केवळ भय आहे आणि ‘पुढे पाठवा’ असा आग्रह आहे, तो पुढे पाठवू नये. आणि एखाद्यावर संशय आलाच, तर पोलिसांना बोलवावे. तो निर्दोष असेल तर त्याचा जीव वाचेल. अपराधी असेल, तर त्याने नेलेले मूल कोठे आहे हे सांगायला तो जिवंत राहील. या दुसऱ्या गोष्टीचा विचार संतापलेला जमाव कधीच करीत नाही.

कराचीच्या त्या चित्रफितीचा कापलेला भाग काही क्षणांचाच होता. त्यात मुलाला परत आणून जमिनीवर उभे केले जाते. खऱ्या जीवनात त्या भागाला कधी एक दिवस लागतो, कधी साडेनऊ वर्षे. तो भाग घडवून आणायला एक नोंदलेली तक्रार लागते, खिशात छायाचित्र ठेवणारा एक फौजदार लागतो, मुलीचे बोलणे ऐकून घेणारी एक कामकरी बाई लागते, आणि आपला जुना क्रमांक चालू ठेवणारा एक शेजारी लागतो.